अक्षरी रुपये : एका लांबलचक सूत्राची उकल

एक्सेलमध्ये ‘बाहटेक्स्ट’ नावाचे एक तयार सूत्र आहे. ते आकड्याला लावले की तोच आकडा थाई भाषेत, अक्षरी, बाह्त या तिथल्या चलनाच्या नावासह उमटतो. थायलंडमधल्या कारकुनाची सोय झाली. आपल्या रुपयासाठी असे तयार सूत्र एक्सेलमध्ये नाही. त्यामुळे पावती, व्हाउचर, पगारपत्रक किंवा देयक यांच्या तळाशी जिथे ‘अक्षरी रुपये … फक्त’ अशी ओळ असते, तिथे बहुतेक कचेऱ्यांत कुणी तरी कुठून तरी मिळवलेले एक लांबलचक सूत्र चिकटवलेले आढळते. ते कुणी लिहिले हे ठाऊक नसते. ते चालते, एवढेच ठाऊक असते.

संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे शिकलो ते दुसऱ्यांनी केलेल्या शीट उघडून, उलगडून. गेली पंधरा वर्षे मी लहान संस्थांचे हिशेब संगणकावर बसवून देतो आणि मोबदल्यात त्यांच्या जुन्या शीटमधली सूत्रे टिपून घेतो. या संग्रहात व्याजाची सूत्रे आहेत, पगाराची आहेत, मेंटेनन्सच्या दंडाची आहेत. पण सर्वांत लांब सूत्रे नेहमी अक्षरी रकमेचीच निघतात. म्हणून तेच उदाहरण इथे घेतले आहे. लांब सूत्र का वाढते, ते वाचायचे कसे आणि मोडायचे कसे, हे सगळे त्या एका सूत्रात पाहता येते. लेखात सूत्रांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागतात.

अक्षरी रक्कम कशासाठी?

ही ओळ शोभेची नाही. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८नुसार धनादेशासारख्या दस्तऐवजावर आकड्यातली आणि अक्षरी रक्कम वेगवेगळी असेल, तर अक्षरी रक्कम खरी धरायची असते. कारण उघड आहे. आकड्यापुढे एक शून्य वाढवणे सोपे, ‘सात हजार’चे ‘सत्तर हजार’ करणे तितके सोपे नाही. म्हणजे अक्षरी रक्कम हा आकड्याचा ताळा आहे. शाळेत भागाकार झाल्यावर गुणाकार करून ताळा पाहायला शिकवत, तसाच. एकच गोष्ट दोन वेगळ्या वाटांनी सांगायची आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचे.

वहीखात्यात हे काम हातच करत असे. कीर्दीत आकडा लिहिणारा माणूस पावतीवर अक्षरे लिहिताना तो आकडा मनात पुन्हा वाचत होता. आता अक्षरे सूत्र लिहिते. त्यामुळे त्या सूत्रावरची जबाबदारी वाढली आहे आणि ते सूत्र आतून कसे आहे हे संस्थेतल्या कुणाला तरी कळणे गरजेचे झाले आहे.

मराठी आकड्यांचा हट्ट

इंग्रजीत एक ते नव्याण्णव अंक बोलायला २७ शब्द पुरतात : एक ते एकोणीसचे १९ आणि वीस, तीस, चाळीस अशा दशकांचे ८. बाकीचे जोडून होतात. मराठीत तसे होत नाही. एकवीस, एकतीस, एकेचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एकाहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव, यांतला ‘एक’ दर वेळी वेगळे रूप घेतो. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘पुढच्या दशकाला एक कमी’ अशी रचना चालते आणि नव्याण्णवला ती अचानक सोडून दिली जाते. तेव्हा मराठी सूत्राला ९९ शब्द वेगवेगळे द्यावे लागतात.

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात मला इथे पडायचे नाही. सूत्र लिहिणाऱ्याच्या नजरेने एवढेच दिसते की ‘वीस एक’ पद्धतीने इंग्रजीइतक्याच शब्दांत काम भागते, आणि ‘एकवीस’ पद्धतीला जवळजवळ चौपट शब्द लागतात. पावती मात्र ‘एकवीस’च मागते, कारण पावती घेणारा तसे बोलतो.

आता हे ९९ शब्द सूत्राच्या पोटात घालू. ‘चूज’ हे तयार सूत्र क्रमांक दिला की यादीतला त्या क्रमांकाचा शब्द काढून देते. प्रत्येक शब्दाभोवती अवतरणचिन्हे, मध्ये स्वल्पविराम. संगणक काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र मोजतो. ‘किती’ या शब्दाची लांबी ‘लेन’ या सूत्राला विचारली तर उत्तर चार येते. त्या हिशेबाने ९९ शब्दांची यादी हजार अक्षरांच्या आसपास जाते. ही यादी एकदा देऊन भागत नाही. कोटीसाठी एकदा, लाखासाठी एकदा, हजारासाठी, शेवटच्या दोन अंकांसाठी आणि पैशांसाठी, अशी पाच वेळा ती द्यावी लागते. पाच हजार अक्षरे तिथेच झाली.

एक्सेलच्या २००३च्या आवृत्तीत एका सूत्राला १,०२४ अक्षरांची मर्यादा होती आणि सूत्रात सूत्र घालायची मुभा सात पातळ्यांपर्यंत होती. ‘चूज’च्या यादीत तेव्हा २९हून जास्त नोंदी मावत नसत. त्यामुळे त्या काळची अक्षरी सूत्रे नाइलाजाने तुकड्यांत असत. २००७च्या आवृत्तीने मर्यादा ८,१९२ अक्षरे आणि ६४ पातळ्या इतकी वाढवली. पाच हजार अक्षरे एका सेलमध्ये मावू लागली, आणि मावतात म्हणून लोक ती मावून घेऊ लागले. माझ्या संग्रहातल्या सूत्रांची लांबी २००७नंतर एकदम वाढलेली दिसते, त्याचे कारण हे आहे. माणसाची वाचण्याची शक्ती मात्र त्या वर्षी आठपट झाली नव्हती.

सेल उत्तर दाखवते, रीत नाही

मुळात या शीटची कल्पना कागदावरून आली. १९७८मध्ये हार्वर्डला व्यवसाय व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरचा हिशेब पाहताना ती सुचली. फळ्यावरचा एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते आपोआप बदलले तर? बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी केलेला ‘व्हिजिकॅल्क’ १९७९मध्ये अ‍ॅपल-२ संगणकावर आला. लोटस १-२-३, एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क ही सारी त्याचीच पुढची पिढी.

फळ्यावर मात्र एक गोष्ट होती जी शीटवर नाही. फळ्यावर मधल्या पायऱ्या दिसत. शीटवर सेलमध्ये फक्त उत्तर दिसते. रीत सेलच्या मागे असते. लहान सूत्राची रीत टिचकी मारून पाहता येते. सूत्र चार-पाच ओळींचे झाले की टिचकी मारूनही डोळ्यांना फक्त कंसांची झाडी दिसते.

एका पतसंस्थेत मुदतठेवीच्या व्याजाचे असे सूत्र मी पाहिले. ते लिहिणारे लेखनिक निवृत्त झाले होते. एका ठेवीदार बाईंनी विचारले, “मुदतीआधी मोडली तर व्याज इतके कमी का झाले?” प्रश्न साधा होता. उत्तर सूत्रात होते. पण ते वाचू शकणारे कार्यालयात कुणी नव्हते, म्हणून त्यांना सांगितले गेले, “कॉम्प्युटरच तसे दाखवतो.” दर कोणता धरला, दिवस कसे मोजले, दंड किती कापला, हे तीनही निर्णय संचालकांनी कधी तरी ठरावाने घेतले असणार. सूत्रात ते असे विरघळले होते की आता ते कुणाचेच निर्णय राहिले नव्हते. लांब सूत्राचा खरा तोटा हा आहे. चूक होण्याची शक्यता वाढते हे खरेच. पण सूत्र बरोबर असले तरी ज्याचा पैसा आहे त्याला ते समजावून सांगता येत नाही.

दुसऱ्याचे सूत्र वाचायचे कसे

लांब सूत्र हाती आले की आधी त्याची प्रत वेगळ्या शीटवर घ्यावी आणि तिथे ते ओळींत मोडावे. सूत्राच्या पट्टीत ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबले की नवी ओळ सुरू होते. सूत्रांच्या मधल्या अशा ओळी आणि मोकळ्या जागांनी उत्तर बदलत नाही. प्रत्येक ‘इफ’ नव्या ओळीवर, त्याच्या आतला ‘इफ’ थोडा आत सरकवून, असे मांडले की सूत्राचा सांगाडा दिसू लागतो. एक्सेल कंसांच्या जोड्या रंगाने वेगळ्या दाखवते, त्याचीही मदत होते.

मग आतून बाहेर यावे. सर्वांत आतला कंस निवडून एफ-९ दाबले की तेवढ्या तुकड्याचे उत्तर तिथेच दिसते. ते पाहून एस्केप दाबायचे. एंटर दाबले तर तुकड्याच्या जागी तो आकडा कायमचा बसतो. ‘फॉर्म्युलाज’ या पट्टीवर ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’ हे बटणही आहे. ते एकेक पायरी सोडवून दाखवते. वाचताना प्रत्येक तुकड्याबद्दल मराठीत एक वाक्य लिहून काढावे : ‘इथे लाख वेगळे केले’, ‘इथे पैसे शून्य आहेत का पाहिले’. ज्या तुकड्याचे वाक्य लिहिता येत नाही, तो तुकडा आपल्याला समजलेला नाही.

अक्षरी सूत्राची अशी वाक्ये लिहिताना मला काही शीटमध्ये पुन्हा पुन्हा तेच दोष आढळले. नेमक्या शंभराला ‘एकशे रुपये फक्त’ येते, कारण मराठीत १०१ ‘एकशे एक’ असले तरी १०० मात्र ‘शंभर’ असते आणि हा अपवाद सूत्रात नसतो. एक रुपयाला ‘एक रुपये’ येते. रक्कम शंभर कोटींना भिडली की सूत्र त्रुटी दाखवते, कारण यादी ९९वर संपते. सर्वांत वाईट दोष पैशांचा. व्याजाच्या गुणाकारातून २४९.९९६ अशी रक्कम आली, तर सेलमध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत २५०.०० दिसते. पण सूत्र पूर्ण रुपये काढायला ‘इंट’ वापरते, ते २४९ देते, उरलेल्या ०.९९६ला शंभराने गुणून जवळच्या पूर्णांकात आणले की १०० येतात. आकड्यात अडीचशे रुपये आणि अक्षरी दोनशे एकोणपन्नास रुपये, पुढे पैशांच्या जागी शंभर किंवा त्रुटी! आकडा आणि अक्षर न जुळण्याची जी वेळ कलम १८ला अभिप्रेत होती, ती इथे कुणी खाडाखोड न करताच येते.

मोडणी

हे सूत्र दुरुस्त करण्याऐवजी मोडावे, असा माझा सल्ला असतो. समजा रक्कम ए२ या सेलमध्ये आहे. पुढच्या रकान्यांत एकेक पायरी लिहू.

एकूण पैसे : राउंड(ए२×१००, ०)
पैसे : एकूण पैशांना १००ने भागून उरलेली बाकी, म्हणजे मॉड
रुपये : एकूण पैसे भागिले १००, त्याचे इंट
कोटी : रुपये भागिले १,००,००,०००, त्याचे इंट
लाख : रुपये भागिले १,००,०००, त्याचे इंट, त्याची १००ने मॉड
हजार : रुपये भागिले १,०००, त्याचे इंट; त्याची १००ने मॉड
शेकडा : रुपये भागिले १००, त्याचे इंट, त्याची १०ने मॉड
उरलेले : रुपयांची १००ने मॉड

पहिल्याच पायरीत रक्कम पूर्ण पैशांत आणल्यामुळे २४९.९९६चा घोटाळा सुरुवातीलाच मिटतो : एकूण पैसे २५,०००, रुपये २५०, पैसे शून्य. ४,०७,१४९.५० ही रक्कम घेतली तर रकान्यांत ०, ४, ७, १, ४९ आणि पैशांत ५० दिसतात. हे वाचायला संगणक शिकावा लागत नाही.

आता शब्द. ९९ शब्दांची यादी वेगळ्या शीटवर एका रकान्यात, एका ओळीत एक, अशी उभी लिहावी आणि ‘इंडेक्स’ने त्या ओळीतला शब्द आणावा. पाच वेळा घातलेली यादी एकदाच, आणि उघड्यावर. ‘अठ्ठावीस’ असे लिहायचे की ‘अठ्ठावीस’मधला ठ एकच ठेवायचा, यावर संस्थेचे मत बदलले तर एक सेल बदलायचा, सूत्राला हात लावायचा नाही. मग ‘लाख शून्य असतील तर काही नको, नाहीतर शब्द आणि पुढे लाख’ असा एक छोटा ‘इफ’ प्रत्येक रकान्यासाठी. शंभराचा अपवाद शेकड्याच्या रकान्यात : शेकडा १ आणि उरलेले शून्य असेल तर ‘शंभर’. शेवटच्या सेलमध्ये फक्त तुकडे जोडायचे. चार लाख सात हजार एकशे एकोणपन्नास रुपये पन्नास पैसे फक्त. छपाईत मधले रकाने नको असतील तर ते लपवता येतात. लपवलेला रकाना हवा तेव्हा उघडता येतो.

जागा नाही आणि एकाच सेलमध्ये काम हवे, तर नव्या एक्सेलमध्ये ‘लेट’ आहे. त्यात मधल्या पायऱ्यांना नावे देऊन पुढे तीच नावे वापरता येतात, एकच तुकडा चार वेळा लिहावा लागत नाही. लिब्रेऑफिसमध्येही २०२४पासून ते आले आहे. पण जुन्या आवृत्तीच्या संगणकावर ते चालत नाही, आणि लहान संस्थांत जुने संगणकच जास्त असतात. तिथे मधले रकाने कधीच दगा देत नाहीत.

माहिती सूत्रात नको, कोष्टकात हवी

अक्षरी रकमेचा धडा इतर लांब सूत्रांनाही लागू पडतो. प्राप्तिकराचेच पाहू. नव्या करप्रणालीत २०२४-२५ या वर्षी टप्पे ३, ७, १०, १२ आणि १५ लाखांवर होते. २०२५-२६साठी ते ४, ८, १२, १६, २० आणि २४ लाखांवर आले. ज्यांनी ‘इफ’मध्ये ‘इफ’ घालून टप्पे लिहिले होते, त्यांना सगळे सूत्र नव्याने विणावे लागले, कारण आकडेच नव्हे तर टप्प्यांची संख्याही बदलली.

त्याऐवजी दोन रकान्यांचे कोष्टक करावे : टप्पा कुठे सुरू होतो आणि तिथे दर किती वाढतो. २०२५-२६च्या सहाही टप्प्यांवर दर पाच-पाच टक्क्यांनी वाढतो. उत्पन्न १८ लाख असेल, तर ते चार टप्पे ओलांडते : अनुक्रमे १४, १०, ६ आणि २ लाखांनी. बेरीज ३२ लाख, तिचे पाच टक्के १ लाख ६० हजार. अधिभार, उपकर आणि सवलतीपूर्वीचा कर हा एवढा. टप्पे बदलले की कोष्टक बदलायचे, सूत्र तेच. शिवाय कोष्टक छापून भिंतीवर लावता येते. सूत्र लावून कुणी वाचत नाही.

ताळ्याचा रकाना

सूत्र लहान केले म्हणजे ते बरोबरच झाले, असे मात्र नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१०चा सार्वजनिक कर्ज आणि विकासदरावरचा निबंध जगभर गाजला. २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्यांची शीट मिळवून तपासू लागला, तेव्हा एका सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पंधराच देशांच्या ओळी धरल्याचे त्याला दिसले. पाच देश सुटले होते. निष्कर्षातल्या फरकाला इतर कारणेही होती, आणि ती याहून मोठी होती. पण ही चूक अगदी छोट्या सूत्रातली होती. ती सापडली, कारण शीट दुसऱ्याच्या हाती दिली गेली आणि त्याने सेलच्या मागे पाहिले.

म्हणून मोडलेल्या सूत्राशेजारी मी एक ताळ्याचा रकाना ठेवतो. कोटी, लाख, हजार, शेकडा आणि उरलेले आपापल्या किमतीने गुणून पुन्हा बेरीज करायची. ती रुपयांशी जुळली नाही तर रकाना लाल होतो. आणि एका कोपऱ्यात कसोटीच्या रकमा कायम ठेवतो : १, १००, १०१, २४९.९९६, १,०००, १,००,१००, ९९,९९,९९९ आणि १,००,००,०००. कुणी सूत्राला हात लावला की आधी या आठ रकमांची अक्षरे मोठ्याने वाचायची. अडखळले की थांबायचे.

मोठ्याने वाचणे यासाठीही, की सूत्राने लिहिलेली अक्षरी रक्कम आता पूर्वीसारखा स्वतंत्र ताळा राहिलेली नाही. ती आकड्यावरूनच निघते. कारकुनाने सातऐवजी सत्तर हजार टाइप केले, तर सूत्र आज्ञाधारकपणे ‘सत्तर हजार’ लिहील आणि दोन्ही अगदी जुळतील. कायद्याला हवी असलेली दुसरी वाट तेव्हा यंत्रात उरत नाही. ती सही करणाऱ्याच्या डोळ्यांत आणि ओठांवरच उरते. पाडव्याला वहीवर गंध-फूल वाहणाऱ्या पेढीवर आज संगणकालाही हळद-कुंकू लागते. त्या संगणकातल्या शीटचे शेवटचे सेल उघडून, त्यामागची रीत घरातल्या वा कचेरीतल्या एका तरी माणसाला मराठीत सांगता येते का, हे वर्षातून एकदा पाहावे. सांगता येत नसेल तर सूत्र मोडायची वेळ झाली आहे.